सातबाऱ्यावर नाव नसलेली वाडी

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याने मानपाडा ओलांडून कासारवडवलीकडे जाताना डाव्या हाताला येऊरचा डोंगर आणि उजव्या हाताला, सपाटीच्या पलीकडे, खाडी ही खूण आजही कायम आहे. मधल्या जमिनीवर मात्र उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि रस्त्यात मेट्रोचे खांब आले आहेत. याच पट्ट्यात एका मुंबईकर शेटची वाडी होती आणि माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळेच भाऊ म्हणत, त्या वाडीचे कारभारी होते. माझा जन्म वाडीतला आणि दहावीपर्यंतचे शिक्षणही वाडीत राहूनच झाले. मूळच्या कुठल्या, असे कोणी विचारले की मी अजूनही वाडीचेच नाव सांगते, आणि ऐकणाऱ्याचा समज असा होतो की आमची मोठी जमीन असावी. आमची तिथे वीतभरही जमीन नव्हती. तरीही तिथल्या प्रत्येक बांधाला, विहिरीला आणि झाडाला आम्ही ‘आपले’ म्हणत होतो, आणि पाड्यातील माणसेही तसेच म्हणत होती. त्या म्हणण्याला कोणत्या कागदाचा आधार होता, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

वाडीची रचना आधी सांगायला हवी. डोंगराच्या पायथ्याशी शेटचा बंगला होता: मंगलोरी कौले, तिन्ही बाजूंनी व्हरांडा आणि वर्षातील बहुतेक दिवस दाराला कुलूप. बंगल्याच्या मागे विहीर, विहिरीच्या अंगाला नारळ-सुपारी आणि केळी, त्याच्यावर चढत गेलेली आंब्याची बाग, आणि बागेच्याही वर डोंगरउतारावरचे गवत. रस्त्याच्या पलीकडे खाडीच्या दिशेने उतरत जाणारी भातखाचरे होती आणि त्यांच्या शेवटी खारे पाणी अडवणारा मातीचा बांध. आमचे दोन खोल्यांचे घर फाटकाजवळ होते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर लक्ष राहावे अशा बेताने बांधलेले. गोठा आमच्या घराला लागून आणि गडीमाणसांच्या कुडाच्या झोपड्या ओढ्यापलीकडे. पाड्यात वारल्यांची घरे जास्त आणि कातकऱ्यांची थोडी होती. बंगला, आमचे घर आणि पाडा यांच्यामधील अंतर हाकेच्या टप्प्यातले होते. पण पाड्यातील माणूस बंगल्याच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबे, आम्ही व्हरांड्यापर्यंत जात असू आणि आतील खोल्यांत फक्त आई जाई, कारण किल्ल्या तिच्याकडे असत.

दिवाळीनंतर ओढा आटला की बागेला विहिरीचे पाणी द्यावे लागे आणि त्यासाठी ऑइल इंजिन होते. ते सुरू करणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह नेहमी गळका असल्यामुळे रात्रीतून पाइपातील पाणी उतरून जाई, म्हणून आधी पंपाच्या तोंडातून बादलीभर शेणकाला ओतावा लागे. शेणाने व्हॉल्व्हची फट बुजे आणि मग वरून ओतलेले पाणी टिके. त्यानंतर एक जण डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातील दाब सोडून देणारा, खटका वर धरून बसे, दुसरा हँडल मारून चाकाला गती देई आणि भाऊंनी ‘सोड’ म्हटल्याबरोबर पहिल्याने खटका सोडायचा. क्षणभर उशीर झाला की सगळी मेहनत वाया जाई आणि क्षणभर आधी सुटला की हँडल उलटे फिरून मनगट मोडायची भीती असे. मला खटका धरायला मिळावा म्हणून मी कितीतरी हट्ट केला. पण मुलींनी इंजिनापाशी जायचे नाही, हा नियम भाऊंनी कधी मोडला नाही. मी मग पाटाच्या कडेला बसून पाणी येण्याची वाट पाहत असे. कोरड्या पाटातून पाण्याचे टोक पाचोळा, मुंग्या आणि फेस पुढे ढकलत येते आणि प्रत्येक भेगेपाशी थोडे थबकते, ते मी तासन्‌तास पाहिले आहे.

भातशेतीचे वर्ष मात्र पाण्याच्या कितीतरी आधी, राबापासून सुरू होई. माघ-फाल्गुनात गडी ऐनासारख्या झाडांचे टहाळ तोडून आणत. रोपाच्या वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून वर माती पसरत, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वाऱ्याच्या उलट बाजूने तो राब पेटवत, म्हणजे आग धावत न जाता सावकाश सरकत राही आणि माती खोलवर भाजली जाई. तणाचे बी मरते, राखेचे खत होते आणि रोप जोमाने येते, असा हा हिशेब होता. राब पेटला की संध्याकाळी सगळ्या पट्ट्यावर धूर साचे आणि आई वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत घेई. मृगाच्या पावसावर पेरणी आणि आषाढात चिखलणी करून लावणी होई. लावणीला बायका पाठीवर इरली घेऊन ओळीने वाकत आणि मागे मागे सरकत जात. बांधावरून पाहणाऱ्याला माणसे न दिसता नुसती इरलीच हलताना दिसत. गाणी म्हटली जात हे खरे आहे, परंतु ती सकाळी. दुपारनंतर कोणाच्या अंगात गाण्याचे त्राण उरत नसे, आणि लावणीच्या गाण्यांवर कौतुकाने लिहिणारे बहुधा सकाळीच येऊन गेलेले असावेत, असे मला वाटते.

या सगळ्या कामाची नोंद भाऊंच्या हजेरीच्या वहीत होत असे. लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही, डाव्या बाजूला नावे आणि पुढे तारखांचे रकाने. हजर असेल त्या दिवशी उभी रेघ, अर्ध्या दिवसाला अर्धी रेघ आणि खाड्याला शून्य. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर कंदील ठेवून भाऊ पगार वाटत आणि पैसे मिळाल्यावर माणसे अंगठा उठवीत. बायकांचा रोज पुरुषांपेक्षा कमी होता आणि लावणीसारखे सर्वांत चिवट काम तर बायकाच करत होत्या. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. आमच्या वाडीत तो आल्याचे मला तरी दिसले नाही. माझ्याच वयाची एक वारली मुलगी सकाळी माझ्याबरोबर करवंदे तोडायला यायची आणि मी दप्तर घेऊन ठाण्याच्या एस.टी.साठी फाटकाशी उभी राहिले की ती तिच्या आईबरोबर खाचराकडे वळायची. काही दिवसांनी तिचेही नाव वहीत आले. रेघ अर्धीच, पण रोज.

पावसाच्या तोंडावरचे दिवस वाडीत सर्वांत भरगच्च असत. पहिल्या सरींच्या आगेमागे डोंगरात शेवळे फुटत आणि पाड्यातील बायका त्यांच्या जुड्या काकडाच्या फळांसह घेऊन ठाण्याच्या बाजारात जात. त्यांतील दोन जुड्या आईसाठी ठेवलेल्या असत. शेवळे निवडणे हे जोखमीचे काम आहे. वरची पाने सोलायची, आतील दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे आणि तरीही ते घशाला खाजणार हे गृहीत धरायचे. त्यावर उतारा म्हणून आंबट काकडे ठेचून त्यांचा रस घालतात. तोच नेमका किती घालायचा यावर सगळा स्वयंपाक अवलंबून असतो. आई त्यात सोडे घालत असे आणि पहिला घास स्वतः खाऊन थोडा वेळ गप्प बसत असे. तिने मान हलवली की मगच आमची पाने वाढली जात. जांभळीनाक्याच्या बाजारात जूनमध्ये आजही शेवळे मिळतात. हल्ली विकणाऱ्या बायका त्यांच्याबरोबर काकडे न मागताच देतात, कारण घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती लागतात हेच ठाऊक नसते.

त्याच दिवसांत वलगण येई. पहिला मोठा पाऊस रात्रभर पडला की ओढे फुगून खाचरांतून वाहू लागत आणि मासे प्रवाहाच्या विरुद्ध चढत थेट बांधापर्यंत येत. पाड्यातील सगळी माणसे मशाली आणि पाग घेऊन बाहेर पडत, कोणी तर नुसत्या टोपल्या लावून बसत. त्या एका रात्री कोण कारभाऱ्याची आणि कोण गड्याची मुलगी याला काही अर्थ नसे. मीही परकर खोचून पाण्यात उतरत असे आणि भाऊही काही बोलत नसत.

आंब्याची गोष्ट निराळी होती. बागेतील आंबा शेट मोहोरावरच मक्त्याने देऊन टाकत. मक्तेदार होळीच्या सुमारास येऊन झाडे पाहून जाई, रकमेची घासाघीस होई आणि त्या दिवसापासून पाऊस येईपर्यंत झाडावरचे फळ त्याचे, एवढेच नव्हे तर खाली पडलेलेही त्याचे. राखणदार दिवसा गोफणीने माकडे हाकी आणि रात्री पत्र्याचे डबे वाजवून वटवाघळे उडवी. ज्या झाडांवर मी वर्षभर चढत असे, त्यांच्याखालून त्या तीन महिन्यांत जाताना मी हात मागे बांधून चालत असे, कारण राखणदाराची नजर हातांवर असे. विहिरीवरचे एक रायवळ झाड मात्र मक्त्यातून वगळलेले होते. त्याचा आंबा कारभाऱ्याच्या घरचा, असा शेटच्या वडिलांच्या वेळेपासूनचा रिवाज होता. त्या झाडाच्या आंब्याची आई पेंढ्यात अढी घालत असे आणि पिकलेल्या आंब्यांचा एक वाटा ओढ्यापलीकडे जात असे. आई त्याला वाटा म्हणत नसे, ‘जास्त झालेत, नासून जातील’ असे म्हणत असे.

मे महिन्यात शेटचे कुटुंब आठ-दहा दिवस राहायला येई. त्याआधी बंगला उघडायचा, खुर्च्यांवरची पांघरुणे झटकायची, तांब्याची पिंपे चिंचेने घासायची आणि व्हरांड्याच्या आढ्यातील वटवाघळे धूर करून घालवायची, असे आईचे काम चाले. शेटच्या नाती माझ्या बरोबरीच्या होत्या आणि त्या आल्या की मला व्हरांड्यात खेळायला बोलावणे येई. त्या दिवसांत मी नवा फ्रॉक घालत असे. पाड्यातील माझ्या मैत्रिणी पायऱ्यांपाशी उभ्या राहून आमचा कॅरम पाहत आणि मी त्यांच्याकडे फारशी पाहत नसे. गाडी फाटकातून बाहेर पडली की मी ओढ्यापलीकडे जात असे. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. फक्त पुढचे काही दिवस लगोरीत माझा डाव सगळ्यांच्या शेवटी लागे आणि तसा तो लागला तरी मी तक्रार करत नसे, कारण का लागतो ते मला पक्के कळत होते.

दिवाळीनंतर गवतकापणी सुरू होई. ठाणे जिल्ह्याचे गवत मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना जात असे आणि वाडीच्या उत्पन्नात त्याचा वाटा भाताइतकाच मोठा होता. उतारावरचे वाळलेले गवत कापून, भारे बांधून, डोक्यावरून खाली आणायचे आणि काट्यावर तोलून द्यायचे. मजुरी रोजावर नसून वजनावर. भारा ओलसर वाटला तर भाऊ वजनातून तूट धरत. ती किती धरायची याचा कोणताही लिखित नियम नव्हता आणि म्हणून काट्यापाशी रोज एक दबलेला वाद चाले. पाड्यातील एक म्हातारे आजोबा अशा वेळी हटकून १९४५ सालची गोष्ट काढत. त्या वर्षी तलासरी-उंबरगावच्या बाजूला वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी लाल बावट्याखाली लढा उभा केला होता आणि गोदावरी परुळेकर, म्हणजे त्यांच्या भाषेत गोदाराणी, त्यांच्या पुढे होत्या. आजोबा स्वतः तिथे होते की नव्हते हे कधी स्पष्ट झाले नाही. परंतु त्यांनी ती गोष्ट काढली की भाऊंची तूट त्या दिवसापुरती कमी होई, हे मी काट्याजवळ उभी राहून पाहिलेले आहे.

येऊरच्या जंगलातून बिबट्या उतरे. सगळे त्याला वाघच म्हणत. तो कुत्री नेई, कधी शेळी नेई. आश्विन वद्य द्वादशीला आमच्या अंगणात आई वसुबारसेची पूजा म्हणून गाय-वासराला ओवाळत असे आणि त्याच दिवशी पाड्यातील माणसे जंगलाच्या कडेला वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी वाघबारस करत. एकाच तिथीला एका घरात गाईची आणि दुसऱ्या घरात वाघाची पूजा होते, याचे मला तेव्हा काहीच नवल वाटले नाही.

शेट माणूस म्हणून वाईट नव्हते. आजारपणात औषधाचे पैसे देत, लग्नाला उचल देत. पण जमिनीच्या बाबतीत ते अतिशय सावध होते. १९४८ चा कुळकायदा आणि त्यातील १ एप्रिल १९५७ ही कसणाऱ्याला मालक मानण्याची तारीख त्यांच्या वडिलांच्या डोळ्यांसमोरून गेलेली होती. म्हणून वाडीत कोणालाही खंडाने जमीन दिली जात नसे; सगळे रोजंदारीवर. एकच कुटुंब एकाच खाचरात सलग राबताना दिसू नये यासाठी दरवर्षी माणसे फिरवली जात आणि सातबाऱ्याच्या पीकपाहणीत न चुकता ‘खुद्द’, म्हणजे मालक स्वतः कसतो, असा शेरा लागेल याची काळजी घेतली जात असे. तलाठ्याकडे जाऊन ते पाहणे हे भाऊंचे काम होते. ते त्यांनी चोख केले आणि आमचे घर त्या चोखपणावर चालले, हे मी मोठी झाल्यावर सातबारा वाचायला शिकले तेव्हा माझ्या लक्षात आले. भाऊंना मी त्याबद्दल एकदा विचारले होते. ‘मी पगार घेत होतो,’ एवढेच ते म्हणाले आणि मला त्यात खोट काढता आली नाही.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण घोडबंदर पट्ट्यात ते सर्वांच्या माहितीचे आहे. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला, १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका स्थापन होऊन हे गावही तिच्या हद्दीत गेले, आणि शेटच्या मुलांना वाडीत रस उरला नव्हता. पाड्यातील तरुण वागळे इस्टेटमधील कारखान्यांत जाऊ लागले आणि लावणीला माणसे मिळेनाशी झाली. वाडी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. आम्ही नौपाड्यात भाड्याने राहायला आलो. पाड्यातील काही कुटुंबे डोंगराच्या बाजूला वर सरकली, काही विखुरली. वाडी सोडताना भाऊंनी हिशेबाच्या वह्या शेटकडे पोचवल्या. हजेरीच्या वह्या कोणालाच नको होत्या, म्हणून त्या ट्रंकेत भरून आमच्याबरोबर आल्या. त्यांत भाऊंच्या आधीच्या कारभाऱ्यांच्याही वह्या होत्या, अगदी १९४६ पासूनच्या.

भाऊ गेल्यानंतर काही वर्षांनी एक मध्यमवयीन गृहस्थ पत्ता शोधत घरी आले. माझ्याबरोबर करवंदे तोडणाऱ्या त्या मुलीचे ते धाकटे भाऊ. त्यांच्या मुलीच्या जातप्रमाणपत्राचे काम अडले होते. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा असल्यामुळे त्या तारखेच्या आधीपासून कुटुंब या भागात होते याचा पुरावा मागितला जातो. सामान्यतः लोक आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला दाखवतात. त्यांच्या घरात ते स्वतः शाळेत जाणारे पहिले. जमीन नाही, म्हणून फेरफार नाही. घर कुडाचे, म्हणून घरपट्टी नाही. आपल्या आजोबांचे नाव कोणत्यातरी सरकारी कागदावर कधी उमटले असेल का, याचीच त्यांना शंका होती.

आम्ही ट्रंक उघडली. १९४६ च्या वहीत तिसऱ्या पानावर त्यांच्या पणजोबांचे नाव सापडले, आणि तेही जुन्या कारकुनी रीतीप्रमाणे ‘बिन’ लावून वडिलांच्या नावासह, शेवटी ‘वारली’ आणि पाड्याचे नाव. खाजगी वाडीची हजेरीवही हा काही सरकारी पुरावा नव्हे आणि कार्यालयात तो तसा मानला गेलाही नाही. पण नाव कसे लिहिले जात होते, कोणते गाव लावले जात होते आणि माणूस कोणत्या साली तिथे होता, हे हाती आल्यामुळे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधायला दिशा मिळाली. तिथे १९४८ सालच्या एका मृत्यूच्या नोंदीत तेच नाव, तसेच लिहिलेले, मिळाले आणि पुढचे काम झाले.

त्यानंतर आणखी तीन-चार कुटुंबे आली. मी सगळ्या वह्या सालवार लावून प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवले आहेत आणि नावांची अकारविल्हे यादी करत आहे. अर्धी रेघ असलेली नावे वेगळी लिहिते, कारण ती मुले आहेत आणि त्यांचे वय त्यावरून ढोबळ का होईना ठरवता येते. १९५१ ची वही वाळवीने अर्धी खाल्ली आहे; त्या वर्षातील भाद्रपदापर्यंतचीच पाने वाचता येतात. त्या वाडीत ज्यांचे आजी-आजोबा गवतकापणीला किंवा लावणीला होते, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी पाड्यातील जुन्या माणसांकडे माझ्या वडिलांच्या नावाने चौकशी करावी. आमचे नौपाड्यातील घर त्यांना ठाऊक आहे. येताना आजोबांच्या वडिलांचे नाव तेवढे विचारून यावे, कारण जुन्या वह्यांत आडनावे नाहीत.